छातीतल्या तीन गाठी

ऑगस्ट २०२२. ताई ओपीडीत आल्या त्याच रडून आलेल्या. मागे नवरा, आणि त्याच्या मागे कॉलेजात शिकणारा मुलगा, हातात मोबाइल धरून. स्कॅन सेंटरने पेटस्कॅनचा रिपोर्ट आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर पाठवला होता. शेवटच्या ओळीतला 'मेटास्टॅटिक' हा शब्द मुलाने गूगलवर शोधला आणि त्याचा अर्थ, शरीरात पसरलेला कॅन्सर, घरच्यांना वाचून दाखवला. रात्री कुणी जेवलं नव्हतं. खुर्चीत बसायच्या आत नवऱ्याने विचारलं, "मॅडम, परत उलटलंय व्हय?"

मी रिपोर्ट वाचला, चित्रं पाहिली आणि म्हणाले, "दिसतंय तर तसंच. पण तपासून बघू."

या बोलण्यातला पहिला भाग मी तोंडातून काढायला नको होता. घरच्यांनी तेवढाच ऐकला. पुढच्या दहा दिवसांत त्यांनी म्हैस विकायचा सौदा ठरवला आणि मुलीच्या लग्नाची तारीख अलीकडे ओढायची बोलणी सुरू केली. "आईच्या डोळ्यांदेखत होऊ दे" म्हणून. ही हकीकत ताईंच्या परवानगीने लिहिते आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आजाराचे तपशील मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

ताई तेव्हा ४७ वर्षांच्या होत्या. कृष्णाकाठचं, ऊसपट्ट्यातलं गाव. घरची दोन एकर शेती आणि जोडीला शिवणकाम. २०१९ मध्ये डाव्या स्तनात २.८ सेंटिमीटरची कॅन्सरची गाठ सापडली. काखेतून काढलेल्या १४ लसीकाग्रंथींपैकी तीनमध्ये आजार होता. ईआर-पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, म्हणजे स्त्री-हार्मोनवर पोसला जाणारा कॅन्सर. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, मग १५ दिवस लाइट, म्हणजे रेडिएशन, घेतली. सगळं महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून. फेब्रुवारी २०२० पासून टॅमॉक्सिफेन हे हार्मोनला अडवणारं औषध सुरू होतं, २० मिलिग्रॅमची रोज एक गोळी. ताई तिला "रातची गोळी" म्हणायच्या आणि अडीच वर्षांत त्यांनी ती एकदाही चुकवली नव्हती. केमोत थांबलेली पाळी वर्षभराने पुन्हा सुरू झाली होती, हे पुढे उपयोगी पडणार होतं.

या वेळची तक्रार साधीच होती. पाच आठवडे कोरडा खोकला, साडेतीन किलो वजन कमी, संध्याकाळी अंग मोडून ताप येणं. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिक दिलं, फरक पडला नाही. सीए १५-३ ही कॅन्सरचा मार्कर, म्हणजे रक्तातली खूण, मोजणारी तपासणी ४१ आली. प्रयोगशाळेची वरची मर्यादा ३० होती. कॅन्सर होऊन गेलेल्या बाईचा खोकला, घटलेलं वजन आणि वाढलेला मार्कर एकत्र दिसले की डॉक्टरच्या डोक्यात जे चित्र उभं राहतं तेच माझ्याही डोक्यात उभं राहिलं, आणि मी पेटस्कॅन लिहून दिला. सीए १५-३ एवढंसं वाढणं यकृताच्या किंवा फुफ्फुसाच्या साध्या आजारातही दिसतं. हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी मी ते पुरेसं मनावर घेतलं नाही.

स्कॅनमध्ये छातीच्या मध्यभागी तीन ठिकाणी गाठी उजळल्या होत्या. एक श्वासनलिकेच्या उजव्या बाजूला, दुसरी नलिकेचे दोन फाटे होतात त्याच्या खाली, तिसरी उजव्या फुफ्फुसाच्या मुळाशी. सगळ्यांत मोठी २.४ सेंटिमीटर, एसयूव्ही, म्हणजे गाठ किती उजळली त्याचं माप, ११.६. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात मागच्या बाजूला लहानसा डाग. यकृत, हाडं, दुसरा स्तन, काख, सगळं स्वच्छ. रिपोर्टचा निष्कर्ष होता, 'मेटास्टॅटिक आजाराची शक्यता अधिक'.

पेटस्कॅन पाहतो काय, ते इथे सांगायला हवं, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो. शिरेतून जे औषध देतात ते म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर. त्याचं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटांचं, म्हणून ते त्याच दिवशी सायक्लोट्रॉनमध्ये बनवून वेळेत पोहोचवावं लागतं. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळला सुरू झाला. ही साखर जिथे जास्त ओढली जाते ती जागा चित्रात उजळते. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात. पण जंतूंशी झुंजणाऱ्या आपल्याच संरक्षक पेशीही तशाच ओढतात, आणि क्षयाची गाठ या पेशींनी ठासून भरलेली असते. यंत्राला पेशीची भूक कळते, पेशी कुणाची हे त्याला कळत नाही. एसयूव्हीचा आकडा मोठा म्हणजे कॅन्सर, हा समज रुग्णांमध्ये आहे आणि आमच्यातही आहे. ११.६ हा आकडा क्षयातही अगदी सहज येतो.

स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. माझ्या चिठ्ठीत एवढंच होतं: 'स्तनाचा कॅन्सर, उपचार पूर्ण, पुन्हा उद्भवल्याची शंका.' संध्याकाळचा ताप लिहिला नव्हता, घरातला पूर्वीचा आजारही लिहिला नव्हता. तो मी विचारलाच नव्हता.

विचारला तो दुसऱ्या भेटीत. तोवर मी चित्रं पुन्हा शांतपणे पाहिली होती आणि एक गोष्ट खटकत होती. कॅन्सर डाव्या स्तनाचा. तो छातीत पसरायचा तर आधी डावीकडे, छातीच्या हाडामागच्या ग्रंथींत किंवा डाव्या गळपट्टीच्या हाडावर दिसेल अशी अपेक्षा असते. इथे सगळा पसारा उजवीकडे होता आणि हाडं कोरी होती. एवढ्यावरून कॅन्सर नाही असं म्हणता येत नाही, कारण कॅन्सर नकाशा बघून चालत नाही. पण थांबून विचार करायला एवढं पुरेसं होतं.

ताईंची फिल्मांची पिशवी मी टेबलावर रिकामी केली. कापडदुकानाची जुनी पिशवी, तिच्यात २०१९ पासूनचे सगळे कागद घडी घालून ठेवलेले. त्यात पहिल्या वेळचा छातीचा सीटी होता. फिल्म खिडकीसमोर धरली. उजव्या फुफ्फुसाच्या मुळाशी तांदळाच्या दाण्याएवढा पांढराशुभ्र ठिपका होता, चुना साचलेली ग्रंथी. तेव्हाच्या रिपोर्टात त्याला अर्धी ओळ होती, 'जुन्या संसर्गाची खूण', आणि ती अर्धी ओळ त्या वेळी कुणालाच महत्त्वाची वाटली नव्हती. आता नेमक्या त्याच जागेची गाठ सुजली होती.

"घरात कुणाला टीबी झाला होता का?" मी विचारलं. नवरा नाही म्हणाला. ताईंनी खाली बघत सांगितलं, "सासूबाईंनी सहा महिनं गोळ्या घेतल्यात्या. धाकटा पोटात हुता तवा. माझ्याच खोलीत झोपायच्या." नवऱ्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तो विसरला नव्हता. पाहुण्यारावळ्यांत जी गोष्ट वीस वर्षं दाबून ठेवली होती ती बायको बाहेरच्या माणसासमोर बोलली, एवढंच त्याला बोचलं. आपल्याकडे कॅन्सर सांगतात, टीबी लपवतात. त्या लपवण्याची किंमत इथे ताई मोजत होत्या.

जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव एकट्या भारतात आहेत. लहानपणी किंवा तरुणपणी शिरलेला जंतू ग्रंथीत वर्षानुवर्षं निजून राहतो. केमो, तिच्यासोबतची स्टेरॉइडं, घटलेलं वजन यांनी पहारा ढिला पडला की तो उठतो. म्हणजे ज्या उपचारांनी कॅन्सर काबूत आला त्यांनीच क्षयाला वाट दिलेली असू शकते, आणि दोन्ही आजार त्याच वर्षांत, त्याच छातीत, त्याच लक्षणांनी दिसतात.

मग सरळ क्षयाची औषधं सुरू करून बघायची का? अशी घाई मी पाहिलेली आहे, आणि ती कॅन्सरच्या घाईइतकीच वाईट. एकाच गाठीत दोन्ही आजार असू शकतात. मँटू टेस्ट, म्हणजे क्षयासाठीची त्वचेवरची तपासणी, ताईंची १८ मिलिमीटर आली, पण तिच्यावरून जंतू कधीतरी शिरला होता एवढंच समजतं, आज त्रास कोण देतंय हे समजत नाही. थुंकी जेमतेम निघाली आणि तिच्यात काही सापडलं नाही. गाठीचा तुकडा हवाच होता.

इथे घरचे अडले. "सुई लावली की पसरतं म्हणत्यात," नवरा म्हणाला. मागच्या वेळीही हीच भीती होती, आणि तेव्हा दोन महिने वाया गेले होते. मी त्याला सुई कशी जाते ते कागदावर काढून दाखवलं. घशातून बारीक दुर्बीण श्वासनलिकेत उतरते. तिच्या टोकाला सोनोग्राफी असते, त्यामुळे भिंतीपलीकडची गाठ दिसते, आणि ती दिसत असतानाच सुई आरपार घालून आतलं काढतात. या तपासणीला ईबस म्हणतात. छाती उघडावी लागत नाही, बहुतेकांना संध्याकाळी घरी जाता येतं. "अशा सुईने कॅन्सर पसरत नाही. न तपासता चुकीचं औषध दिलं तर मात्र नुकसान नक्की," एवढंच मी सांगितलं. मुलगा म्हणाला, "आई, करूया."

दोन बाटल्या

ज्याला क्षयाची शंका घ्यायची आहे त्याने या भागाकडे बारकाईने पाहावं. काढलेला तुकडा नेहमी फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडतो. हातांना सवय तीच. फॉर्मॅलिनमध्ये पेशी टिकतात, पॅथॉलॉजिस्टला त्या नीट दिसतात. जंतू मात्र मरतात, आणि मेलेला जंतू कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघतात तिथे, वाढत नाही. म्हणून ईबसच्या आदल्या दिवशी मी छातीच्या डॉक्टरांना फोन केला आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'दोन बाटल्या. एक फॉर्मॅलिन, एक साधं सलाइन. गाठींतून.' हा फोन केला नसता तर या प्रकरणाचा शेवट धूसर राहिला असता.

सुईतून निघालेला ऐवज स्लाइडवर पसरला तेव्हा छातीच्या डॉक्टरांनी मला फोटो पाठवला. पांढरट, नासलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट चार दिवसांनी आला: ग्रॅन्युलोमा, म्हणजे संरक्षक पेशींचे पुंजके, मध्ये मृत पेशींचा भुसभुशीत भाग, कॅन्सरच्या पेशी नाहीत.

पण ग्रॅन्युलोमा दिसला म्हणजे क्षय झाला, असंही नाही. कॅन्सर होऊन गेलेल्या काही माणसांच्या ग्रंथींत जंतूंविनाच ग्रॅन्युलोमा तयार होतात, सार्कॉइड या जंतूंविना ग्रंथी सुजवणाऱ्या आजारासारखे दिसणारे. त्यांना क्षयाची औषधं लागत नाहीत, बऱ्याचदा कसलंच औषध लागत नाही. फरक सांगणारी बाटली सलाइनची. तिच्यातल्या नमुन्यावर जीनएक्सपर्ट केलं. हे यंत्र जंतूचा डीएनए शोधतं आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध चालेल की नाही तेही सांगतं, दोन तासांत. गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट यंत्रही हेच काम करतं, आणि ते आता तालुक्यापर्यंत पोहोचलं आहे. ताईंच्या नमुन्यात क्षयाचा जंतू सापडला. रिफॅम्पिसिनला दाद देणारा. द्रव कल्चरमध्येही १९ व्या दिवशी तोच वाढला.

मी फोन केला तेव्हा मुलाने उचलला. "कॅन्सर नाही. टीबी आहे, आणि तो बरा होतो," मी म्हणाले. पलीकडे काही क्षण काहीच ऐकू आलं नाही. मग मागून ताईंचा आवाज आला, "म्हैस इकू नगा म्हनावं त्यांस्नी."

तुकडा न घेता पुढे गेलो असतो तर? चौथ्या टप्प्याचा कॅन्सर म्हणून हार्मोनची औषधं बदलली असती आणि जोडीला पाल्बोसिक्लिबसारखी गोळी आली असती. या गोळ्या पांढऱ्या पेशी पाडतात. क्षयाचा जंतू छातीत जागा असताना पांढऱ्या पेशी पाडणं म्हणजे त्याला सगळं शरीर मोकळं करून देणं. आणि चौथ्या टप्प्याचा शिक्का फाइलवर एकदा बसला की तो पुसायला कुणी धजत नाही.

रातची गोळी

निदान झालं, आता सरकारी केंद्रातून गोळ्या आणायच्या, संपलं, असं घरच्यांना वाटत होतं. मला खरी काळजी इथून पुढे होती.

क्षयाच्या उपचाराचा कणा म्हणजे रिफॅम्पिसिन. हे औषध यकृतातली सीवायपी-३ए४ ही यंत्रणा इतकी चेतवतं की तिच्या वाटेने जाणारी कितीतरी औषधं काम करायच्या आतच मोडून पडतात. टॅमॉक्सिफेन त्यांपैकी एक. निरोगी स्वयंसेवकांवरचा एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. रिफॅम्पिसिनसोबत टॅमॉक्सिफेनचं रक्तातलं एकूण प्रमाण त्यात ८६ टक्क्यांनी घटलं. म्हणजे ताई रोज रात्री नेमाने गोळी घेणार, आणि कॅन्सरपासूनचं संरक्षण फारच थोडं. कॅन्सर परत आलेला नव्हता, पण त्याला परत यायला सहा महिन्यांचं दार आपणच उघडून देणार होतो. क्षयाचं केंद्र क्षयाचा विचार करतं, आम्ही कॅन्सरचा. दोन फाइली दोन इमारतींत असतात आणि मधल्या या गोष्टीकडे बघणारं कुणी नसतं. म्हणून ती इथे लिहिते आहे.

रिफॅम्पिसिन काढून टाकणं योग्य नव्हतं. त्याऐवजी रिफाब्युटिन द्यावं हा एक मार्ग होता. ते यकृताला कमी चेतवतं. पण गावाजवळच्या केंद्रात ते सहज मिळणारं नव्हतं, आणि एकत्रित गोळ्या सोडून सुटी औषधं घ्यायची म्हणजे चुकण्याची भीती. ताईंची पाळी चालू होती, म्हणजे अंडाशयं काम करत होती. तेव्हा आम्ही गोसेरेलिन निवडलं. पोटाच्या त्वचेखाली दर २८ दिवसांनी ३.६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन. ते अंडाशयांचं काम थांबवतं आणि रिफॅम्पिसिनच्या तडाख्यात सापडत नाही. टॅमॉक्सिफेन थांबवली. क्षयाचा कोर्स संपल्यावर यकृत मूळपदावर यायला दोन आठवडे सोडायचे आणि मग ती पुन्हा सुरू करायची, असं ठरलं. प्रत्येक रुग्णाला हाच मार्ग लागू पडेल असं नाही. पाळी कायमची गेलेल्या बाईचा हिशेब वेगळा, लेट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन या दुसऱ्या हार्मोनविरोधी गोळ्या घेणारीचा आणखी वेगळा. रिफॅम्पिसिनचा धक्का एक्झेमेस्टेनलाही बसतो.

सप्टेंबरमध्ये गोळ्या सुरू झाल्या. वजन ४६ किलो, म्हणून दिवसाला तीन. पहिले दोन महिने चार औषधांची एकत्र गोळी, पुढचे चार महिने तीन औषधांची. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद झाली आणि पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये खात्यात येऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० झाली आहे. आशाताईंनी घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घेतली. दोन महिन्यांत खोकला गेला, ताप गेला, ताई दोन किलो भरल्या.

आणि मग दहाव्या आठवड्यात उजव्या गळपट्टीच्या वर सुपारीएवढी नवी गाठ आली.

ताई पुन्हा तशाच रडत आल्या. मलाही रात्रभर झोप लागली नव्हती. औषध लागू पडत असताना नवी गाठ? तेव्हा निदान चुकलं का? आत दोन्ही आजार होते आणि आपल्याला एकच दिसला का? क्षयाच्या ग्रंथींत असं घडतं, हे पुस्तकात वाचलेलं असतं. उपचाराने शरीराची ताकद परत येते, मेलेल्या जंतूंवर ती तुटून पडते आणि गाठी काही आठवडे उलट फुगतात, नव्याही येतात. पण ज्या बाईला कॅन्सर होऊन गेला आहे तिच्या गळ्यावर बोट ठेवून 'हे पुस्तकातलंच' असं मी म्हणू शकले नाही. पुन्हा सुई, पुन्हा दोन बाटल्या. पू निघाला. कॅन्सरच्या पेशी नाहीत, कल्चरमध्ये काही वाढलं नाही. गोळ्या तशाच चालू ठेवल्या आणि सहा आठवड्यांत गाठ बसली. तेवढे सहा आठवडे ताई दर सोमवारी यायच्या. मी गाठीवर मोजपट्टी धरायची, आकडा त्यांच्याच वहीत लिहायची. कमी होत जाणारे ते आकडे त्यांनी माझ्या कुठल्याही बोलण्यापेक्षा जास्त मानले.

ही फसगत फक्त छातीतल्या गाठींची नाही. मणक्याचा क्षय हाडातल्या कॅन्सरसारखा दिसतो; एमआरआयमध्ये दोन मणक्यांमधली चकतीही खाल्लेली असेल तर आधी जंतूचा विचार करावा, कारण कॅन्सर चकती सहसा सोडून देतो. फुफ्फुसातली बुरशीची गाठ, मेंदूतली फीतकृमीची पुटी, यांनाही 'पसरलेला कॅन्सर' म्हटलं गेलेलं आहे. २०२१ मध्ये कोविडची लस घेतलेल्या बाजूच्या काखेत गाठी उजळून कितीतरी स्तन-कॅन्सरच्या बायका घाबरल्या होत्या.

मार्च २०२३ मध्ये गोळ्या संपल्या. सीटीत दोन गाठी दिसेनाशा झाल्या होत्या, तिसरी एक सेंटिमीटरच्या आत आली होती. सीए १५-३ पुन्हा २२ वर. दोन आठवड्यांनी रातची गोळी सुरू झाली, गोसेरेलिन थांबलं. मुलीचं लग्न घाईत झालं नाही. २०२४ च्या मे महिन्यात, शिक्षण पूर्ण झाल्यावर, रीतसर झालं.

ताई अजून सहा महिन्यांनी येतात, तीच पिशवी घेऊन. सगळ्यांत वर ईबसचा रिपोर्ट असतो, मुलाने लॅमिनेट करून दिलेला. मागच्या खेपेला माझ्याऐवजी दुसरे डॉक्टर बसले होते. त्यांनी नवा स्कॅन उघडला, उरलेल्या गाठीवर बोट ठेवलं आणि काही बोलायच्या आत ताईंनी तो कागद त्यांच्यासमोर सरकवला. "आधी ह्यो वाचा, सायेब."